सांता गर्ट्रुडिसची धनीण

१४ एप्रिल १८८५ रोजी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात, मेंगर हॉटेलच्या एका खोलीत, रिचर्ड किंग पोटाच्या कर्करोगानं वारला. मृत्युपत्रात त्यानं सगळं बायकोच्या नावावर ठेवलं होतं. सहा लाख एकरांहून जास्त जमीन, तिच्यावर चरणारी हजारो गुरं आणि घोडी, आणि त्याबरोबर पाच लाख डॉलरचं कर्ज. हेन्रिएटा किंग तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. पाच मुलांपैकी सर्वांत धाकटा, ज्याच्याकडे रँच सोपवायची बापाची इच्छा होती, तो दोन वर्षांपूर्वीच ऐन एकोणिसाव्या वर्षी न्यूमोनियानं गेला होता. जमीन विकायची, कर्ज फेडायचं आणि उरलेल्या पैशावर एखाद्या शहरात सुखानं राहायचं, हा मार्ग कुणालाही सुचला असता. बाईंनी काळे कपडे अंगावर चढवले, ते मरेपर्यंत उतरवले नाहीत, आणि रँच चालवायला घेतली. त्यानंतर त्या चाळीस वर्षं जगल्या. ३१ मार्च १९२५ रोजी त्या गेल्या तेव्हा कर्ज केव्हाच फिटलं होतं, जमीन दहा लाख एकरांच्या घरात गेली होती, म्हणजे आख्ख्या गोवा राज्याहून जास्त; आणि ज्या माळावर पूर्वी रानघोडे फिरत तिथं एक शहर वसलं होतं, त्यात शाळा होती, चर्च होती, रेल्वे येत होती.

या पुस्तकाचा खरा विषय ती चाळीस वर्षं आहेत. किंग रँचविषयी इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं. टॉम ली यांचा १९५७ साली निघालेला दोन खंडांचा इतिहास आजही सर्वांत मोठा आधार मानला जातो. पण सामान्य वाचकाच्या मनात जी गोष्ट राहते ती रिचर्डची. जहाजात लपून पळालेला पोरगा, नदीतल्या आगबोटीचा कप्तान, मग गुरांचा राजा. ती गोष्ट रंगतदार आहे, यात शंका नाही. बाई मात्र तिच्यात कडेला उभ्या असतात, हातात बायबल घेऊन. माझं स्पष्ट मत असं की रिचर्डनं रँच उभी केली आणि हेन्रिएटाबाईंनी ती टिकवली, आणि टिकवण्याचं काम जास्त लांब चाललं आणि जास्त अवघड होतं. त्यांना रँचरची विधवा म्हणून ओळखणं हा अन्याय आहे. त्या स्वतः रँचर होत्या.

त्यांचा जन्म २१ जुलै १८३२ चा, मिसूरीतल्या बूनव्हिलचा. वडील हायरम चेंबरलेन प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. आई लहानपणीच वारली, वडील धर्मप्रचारासाठी सतत फिरतीवर, त्यामुळे एकटं राहायची आणि आपलं आपण निभवायची सवय या मुलीला फार लवकर लागली. काही काळ मिसिसिपीतल्या होली स्प्रिंग्ज इथं मुलींच्या शाळेत शिक्षण झालं. मग वडिलांची नेमणूक झाली ती थेट मेक्सिकोच्या सीमेवर, रिओ ग्रांदे नदीकाठच्या ब्राउन्सव्हिलला. अमेरिका-मेक्सिको युद्ध नुकतं संपलेलं, गाव नवं, राहायला घर मिळेना. शेवटी कुटुंबानं एका जुन्या आगबोटीवर संसार मांडला. त्याच धक्क्याला आपली बोट लावायला आलेला कप्तान किंग, जागा अडलेली पाहून शिव्या देऊ लागला, आणि बोटीवरच्या तरुण मुलीनं त्याला चांगलंच सुनावलं, अशी कथा त्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. कथा खरी असो वा सजवलेली, स्वभाव दोघांचेही तिच्यात बरोबर उतरले आहेत. तो आयरिश आईबापांचा, अनाथासारखा वाढलेला, शाळा जवळजवळ न पाहिलेला, दारूचा शौकीन. ही धर्मोपदेशकाची लेक. १० डिसेंबर १८५४ ला त्यांचं लग्न झालं.

लग्नानंतर नवरानवरी घोडागाडीतून, हत्यारबंद स्वारांच्या सोबतीनं, चार दिवसांचा प्रवास करून सांता गर्ट्रुडिस ओढ्याकाठी आली. न्यूएसेस आणि रिओ ग्रांदे या दोन नद्यांमधला हा सपाट, उष्ण, कोरडा मुलूख. त्या काळचे नकाशे त्याला रानघोड्यांचं वाळवंट म्हणत. गवत, निवडुंग आणि मेस्कीटची काटेरी झाडी. मेस्कीट म्हणजे आपल्या माळरानावर पसरलेल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण; एवढं सांगितलं की सोलापूर-नगरकडच्या वाचकाला तो मुलूख डोळ्यांसमोर आणायला वेगळं चित्र लागणार नाही. पहिलं घर होतं कुडाचं, मातीनं लिंपलेलं. कोठीघर इतकं लहान की मोठी ताटं बाहेरच्या भिंतीवर टांगावी लागत, असं बाईंनी म्हातारपणी लिहून ठेवलं आहे. त्याच आठवणींत त्या असंही सांगतात की इतका सुखाचा मधुचंद्र क्वचितच कुणा नवरीच्या वाट्याला आला असेल.

इथं जमिनीविषयी बोलायला हवं, आणि आडपडदा न ठेवता. किंगनं १८५३ साली विकत घेतलेला पहिला तुकडा साडेपंधरा हजार एकरांचा होता आणि त्याची किंमत तीनशे डॉलर. एकराला दोन सेंटसुद्धा नाहीत. पुढच्याच वर्षी शेजारचा त्रेपन्न हजार एकरांचा तुकडा अठराशे डॉलरला. विकणारे होते स्पॅनिश आणि मेक्सिकन राजवटीत इनाम मिळालेल्या घराण्यांचे वारस. त्या युद्धानंतर झालेल्या १८४८ च्या तहानं सीमा सरकली, हे लोक स्वतःच्याच गावात परके झाले, नवी भाषा, नवा कायदा, नवी कोर्टं. आणि जमिनी मातीमोल भावानं हातून गेल्या. कागद कायदेशीर होते. पण तो कायदा कुणी कुणासाठी केला हा प्रश्न टेक्सासमध्ये आजही विझलेला नाही, आणि हे चरित्र वाचताना तो मनात ठेवलाच पाहिजे.

त्याच १८५४ च्या सुमाराची दुसरी एक गोष्ट मात्र या रँचच्या मुळाशी आहे. उत्तर मेक्सिकोत तामाउलिपास प्रांतात दुष्काळ पडला होता. किंग गुरं घ्यायला क्रुइयास नावाच्या खेड्यात गेला आणि गावातली यच्चयावत गुरं विकत घेऊन निघाला. वाटेत त्याच्या लक्षात आलं की गुरांवर जगणाऱ्या गावाची गुरंच आपण नेली, आता ही माणसं खाणार काय. तो परत फिरला. घर, अन्न आणि मजुरी देतो, माझ्याबरोबर चला, असं त्यानं सांगितलं, आणि शंभराहून जास्त बायाबापे, पोरंबाळं, कोंबड्याबकऱ्या, भांडीकुंडी असा सगळा गावच त्याच्यामागून चालत उत्तरेला आला. ही माणसं पिढीजात गुराखी, स्पॅनिश भाषेत वकेरो. घोड्यावर बसण्याची, दोरीचा फास टाकण्याची, गुरांना डाग देण्याची जी विद्या पुढं अमेरिकन काउबॉयच्या नावावर जगभर गाजली, ती मुळात यांची. किंगची माणसं म्हणून त्यांना किनेन्यो हे नाव पडलं. त्यांची नातवंडं-पतवंडं त्याच रँचवर काम करत राहिली.

हेन्रिएटाबाईंचा समाज म्हणजे ही माणसं. त्यांच्या घरांची व्यवस्था, मुलांचं शिक्षण, आजारपणं, बाळंतपणं ही जबाबदारी बाईंनी पहिल्यापासून स्वतःकडे घेतली. नवरा महिनोन् महिने गुरांच्या, घोड्यांच्या, आगबोटींच्या व्यापारात बाहेर असे, तेव्हा रँचवर शब्द चाले तो यांचा. आणि हे नातं एकतर्फी नव्हतं, याचा रक्तानं लिहिलेला पुरावा आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात किंग दक्षिणेच्या बाजूनं होता. उत्तरेनं बंदरं अडवल्यावर दक्षिणेचा कापूस त्याच्या रँचवरून मेक्सिकोत जाई. म्हणजे गुलामगिरीच्या बाजूची लढाई या कापसावर पोसली जात होती, हेही नमूद करायला हवं. डिसेंबर १८६३ मध्ये उत्तरेच्या फौजेनं पहाटे घरावर छापा घातला. किंगला आदल्या रात्री खबर लागून तो निसटला होता. घरात गरोदर हेन्रिएटा, चार लहान मुलं आणि म्हातारे वडील. पहाऱ्याला फ्रान्सिस्को अल्वारादो नावाचा किनेन्यो. गोळीबार सुरू होताच, घरात बायकामुलं आहेत, गोळ्या झाडू नका, असं ओरडत तो बाहेर धावला आणि त्याच क्षणी गोळी लागून पडला. सैनिकांनी लुटालूट करून घर सोडलं. बाई मुलांना घेऊन उत्तरेकडे निघाल्या, वाटेत सान पात्रिसिओला त्यांना मुलगा झाला. नाव ठेवलं दक्षिणेच्या सेनापतीचं, रॉबर्ट ई. ली. हाच तो पुढं एकोणिसाव्या वर्षी गेलेला मुलगा. अल्वारादोचं नाव मात्र इतिहासात एका ओळीपुरतं येतं. माझ्या मते किंग रँचच्या इतिहासात त्याच्यासाठी एक आख्खं प्रकरण असायला हवं होतं.

१८८५ नंतरच्या कारभाराकडे येतो. बाईंनी पहिला निर्णय घेतला तो माणसाचा. रॉबर्ट क्लेबर्ग हा तरुण वकील एका खटल्यात किंगच्या विरुद्ध उभा राहून जिंकला होता, आणि हरलेल्या किंगनंच मग त्याला आपलं वकीलपत्र दिलं होतं. बाईंनी त्याला रँचचा व्यवस्थापक केलं. १८८६ मध्ये धाकटी मुलगी ॲलिस हिच्याशी त्याचं लग्न झालं. त्यामुळे पुढच्या काळाचं सगळं श्रेय क्लेबर्गला देण्याची पद्धत पडली. घोड्यावरून फिरणारा, हिशेब मांडणारा, नवं यंत्र आणणारा तो होता हे खरं. पण मालकी बाईंची होती, मोठ्या खर्चाला आणि जमिनीच्या प्रत्येक व्यवहाराला होकार त्यांचा लागे, आणि हा होकार नुसता सहीपुरता नव्हता. गुरांच्या आणि घोड्यांच्या पैदाशीचे, गवताच्या जातींचे, कोरडवाहू आणि बागायती पिकांचे प्रयोग त्यांच्या काळात रँचवर सुरू झाले. म्हातारी धर्मभोळी बाई आणि हुशार जावई हे चित्र सोयीचं आहे, खरं नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर बाईचं नाव चढलं तरी शेत मुलाचं किंवा जावयाचं म्हणूनच ओळखलं जातं. तेच इथं झालं.

कारभार हाती येताच नशीब परीक्षा घेऊ लागलं. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दुष्काळाची रांग लागली. गुरं खंगून मरू लागली. निवडुंगाचे काटे जाळून फड्या जनावरांना घातल्या जात. आणि टेक्सासच्या गुरांबरोबर एक तापही फिरत होता. ही गुरं उत्तरेला नेली की तिथली गुरं पटापट मरत, म्हणून उत्तरेच्या राज्यांनी दारं बंद केली होती. हा ताप गोचिडांमुळे पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबॉर्न यांनी १८९३ साली सिद्ध केलं. किडा रोग पसरवतो याचा तो पहिल्या पुराव्यांपैकी एक. डासामुळे हिवताप होतो हे रोनाल्ड रॉसनं दाखवलं त्याच्या आधीचा. त्या दशकात किंग रँचवर गुरं औषधी पाण्यातून पोहत न्यायची लांब हौदासारखी सोय बांधली गेली, आणि सरकारी संशोधकांचे गोचीड मारायचे प्रयोग तिथं झाले. पाण्याचा प्रश्न मात्र सुटेना. शेवटी १८९९ मध्ये मोठं यंत्र आणून पाचशे फुटांहून खोल भोक पाडलं आणि पाणी आपल्या जोरानं उसळून वर आलं. ते पाहून क्लेबर्गला रडू आवरलं नाही, असं सांगतात.

पाणी लागलं तेव्हा बाईंनी जो विचार केला, त्यातच मला त्यांचं मोठेपण दिसतं. पाणी आहे म्हणजे आणखी गुरं, एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी माणसं आणायचं ठरवलं. गुरं विकायला शेकडो मैल हाकत न्यावी लागत, तिथं रेल्वे हवी होती, आणि रेल्वे यायची तर वस्ती हवी. त्यांनी रेल्वे आणि गावासाठी सुमारे पंचाहत्तर हजार एकर जमीन देऊ केली. ४ जुलै १९०४ रोजी पहिली गाडी आली आणि त्याच दिवशी किंग्जव्हिल हे गाव जन्माला आलं. गावात दारूचं दुकान निघू नये म्हणून जमिनीच्या खरेदीखतातच तशी अट घातली गेली. प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, एपिस्कोपल आणि कॅथलिक अशा सगळ्या पंथांच्या चर्चना जागा दिल्या. त्या काळच्या कट्टर प्रॉटेस्टंट बाईनं कॅथलिकांना जागा देणं ही लहान गोष्ट नव्हती. पण गुराखी सारे कॅथलिक होते. हायस्कूलची इमारत बांधून गावाला दिली. मेक्सिकन मुलांच्या धंदेशिक्षणासाठी प्रेस्बिटेरियनांनी काढलेल्या संस्थेला जमीन दिली. कॉर्पस क्रिस्टीच्या रुग्णालयाला मदत केली. शिक्षकांसाठी कॉलेज काढायला जागा दिली. आज ते टेक्सास ए अँड एम विद्यापीठ-किंग्जव्हिल म्हणून ओळखलं जातं.

घरात त्या कशा होत्या? कडक. रोज प्रार्थना, रविवारी काम नाही. दागिन्यांची हौस नव्हती. नवऱ्यानं प्रेमानं आणलेल्या हिऱ्याच्या कुड्यांवर त्यांनी काळा मुलामा चढवून घेतला, मिरवल्यासारखं दिसू नये म्हणून. आणि हीच बाई पाहुण्याला, मग तो सेनापती असो की वाट चुकलेला फेरीवाला, जेवल्याशिवाय सोडत नसे. जानेवारी १९१२ मध्ये मोठं घर आगीत खाक झालं. नवं घर बांधताना त्यांची अट एकच होती असं म्हणतात, की चिखलाचे बूट घालून आलेल्या माणसालाही आत पाऊल टाकताना संकोच वाटता कामा नये. १९१५ मध्ये उभं राहिलेलं ते घर मात्र राजवाड्यासारखं झालं, रंगीत काचांच्या खिडक्यांचं.

त्याच १९१५ सालाबद्दल गप्प बसून चालणार नाही. सीमेवर बंडाळी माजली होती, ऑगस्टमध्ये रँचच्या नोरियास ठाण्यावर हल्ला झाला, आणि त्या हंगामात टेक्सास रेंजर्स या राज्याच्या सशस्त्र पोलिसांनी आणि खासगी टोळ्यांनी मेक्सिकन वंशाची शेकडो माणसं, बहुतेक चौकशीशिवाय, मारून टाकली. मोठे रँचवाले आणि रेंजर्स यांचं सख्य जुनं होतं. किनेन्यो कुटुंबांना रँचच्या कुंपणाआत आसरा होता. त्याच रंगाच्या, त्याच भाषेच्या कुंपणाबाहेरच्या माणसाला नव्हता. बाईंचं प्रेम खरं होतं असं मी मानतो. पण ते आपल्या माणसांवरचं प्रेम होतं, आणि आपली माणसं कोण हे ठरवायचा हक्क धनिणीचा होता. किनेन्योला घर मिळे, डॉक्टर मिळे, म्हातारपणी भाकर मिळे. जमीन मिळत नसे. या चरित्रातला उजेड आणि अंधार एकाच दिव्याचा आहे, आणि लेखकानं दोन्ही दाखवले म्हणूनच मला हे पुस्तक मोलाचं वाटतं.

मराठी वाचकाला या कथेत एक आपलं सूत सापडेल. युरोपातून आणलेली शॉर्टहॉर्न गुरं दक्षिण टेक्सासच्या उन्हात आणि गोचिडांत तग धरेनात. १९०६ मध्ये टेक्सासच्या पिअर्स कुटुंबाच्या रँचनं हिंदुस्थानातून वशिंडाची गुरं बोटीनं मागवली. अमेरिकेत जी ब्राह्मन नावाची जात तयार झाली तिच्यात गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर कृष्णा खोऱ्यातल्या, म्हणजे सांगली-मिरजेकडच्या काळ्या रानात नांगर ओढणाऱ्या थोराड बैलांचंही रक्त आहे. सैल कातडी, दाट घामग्रंथी, उन्हात चरायची सवय आणि गोचिडाला दाद न देणं, हे तिचे गुण. बाईंच्या हयातीतच त्यांचा नातू बॉब क्लेबर्ग यानं पिअर्सकडचे वळू आणून शॉर्टहॉर्न गायींशी संकर सुरू केला. १९२० साली जन्मलेल्या मंकी नावाच्या तांबड्या वळूपासून पुढची सगळी वंशावळ निघाली आणि १९४० साली अमेरिकी सरकारनं सांता गर्ट्रुडिस ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. तिच्यात साधारण पाच आठमांश शॉर्टहॉर्न आणि तीन आठमांश ब्राह्मन. रँचचं पहिलं नाव या जातीनं जगभर नेलं.

बाईंच्या अंत्ययात्रेचं वर्णन पुस्तकात सविस्तर आहे, म्हणून इथं थोडक्यात. रँचच्या दूरदूरच्या ठाण्यांवरून गुराखी निघाले, काही दोन दिवस घोड्यावर होते. कामाच्या कपड्यांतले जवळजवळ दोनशे स्वार शवपेटीमागून चालले. दफनाच्या वेळी एकेकानं टोपी काढून हातात धरली, उघड्या कबरीभोवती घोड्यावरून एक फेरा घातला, आणि सगळे आपापल्या कामाला परत गेले. असा निरोप हुकूम देऊन मिळत नाही. सत्तर वर्षं रोज कमावलेली ती गोष्ट होती.

वाचकांना एक विनंती आहे. हे चरित्र वाचून झाल्यावर जेन क्लेमेंट्स मंडे आणि बेटी बेली कॉली यांचं १९९७ चं ‘व्हॉइसेस फ्रॉम द वाइल्ड हॉर्स डेझर्ट’ हे पुस्तक मिळवून वाचा. किंग आणि केनेडी रँचवरच्या वकेरो कुटुंबांनी आपल्या तोंडानं सांगितलेल्या हकिकती त्यात आहेत. धनिणीची गोष्ट तुम्ही इथं वाचाल. तिच्या माणसांची त्यांच्याकडूनच ऐका.